नवमीची ट्यूबलाइट

“बोटं किती आहेत?” डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात वर करून विचारलं.

“तुमचे का माहे?” आई म्हणाली.

डॉक्टर हसले. बाई गमतीशीर आहे असं त्यांना वाटलं असणार. आई गमतीशीर होतीच, पण हा प्रश्न तिनं अगदी सरळ मनानं विचारला होता. तिची स्वतःची बोटं दोन-तीन वर्षांपासून तिच्या हिशेबात नव्हती. चहाचा कप हातातून सुटला, हे तिला तो फुटल्याचा आवाज आल्यावर कळायचं.

“माझी,” डॉक्टर म्हणाले.

“मंग तीन. नाही, थांबा जी. चार.”

दोन होती. मी बाजूच्या स्टुलावर बसून माझ्या ओढणीचं टोक पिळत राहिले.

डॉक्टरांनी खूप काही विचारलं. शुगर आहे का, डोळ्याला मार लागला होता का, कुठली औषधं वर्षानुवर्षं चालू आहेत का. आई प्रत्येकाला नाही म्हणाली. “सेहेचाळीस वय आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. “काम काय करता?”

आईची पाठ ताठ झाली. कामाचं कोणी विचारलं की ती तशी व्हायचीच.

“सीलिंगच्या मशीनवर हाय. नंबर एकची ऑपरेटर. अकरा वर्षं झाले.”

“भट्टी असते का? आगीसमोर बसावं लागतं?”

“नाही जी. आगीचं कामच नाही. आमच्या मशीनले काडीबी लागत नाही.”

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, दिवाळीनंतर आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करू म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आई खोटं बोलली नव्हती. आमच्या मशीनमध्ये खरंच आग नव्हती.

बाहेर ऑटोची वाट पाहताना ती म्हणाली, “काजल, या नवमीले ट्यूब तू धरशील. अन् एक नंबरवरबी तूच बसशील. मले आता सीलची रेघ दिसत नाही वं. मी पॅकिंगले जाईन.”

मी तीन वर्षं दोन नंबरच्या मशीनवर होते. एक नंबर म्हणजे आईची जागा. ती जागा ती मला देत होती, आणि कोणी लेकीला पाटल्या द्याव्यात तशा थाटात देत होती. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही.

आमचं युनिट उप्पलवाडीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये. रेनकोट, शाळेच्या फायली, ओळखपत्रांची पाकिटं असं प्लास्टिकचं सगळं तिथं व्हायचं. काम सोपं होतं. प्लास्टिकचे दोन थर खालच्या पाटावर ठेवायचे, पायानं पेडल दाबायचं, वरचा साचा खाली यायचा, चार-पाच सेकंद घूं असा आवाज, आणि दोन्ही थर एकजीव. ठिणगी नाही, धूर नाही. प्लास्टिक आतल्या आत तापून चिकटायचं. कशानं तापतं, ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. लहरी असतात, एवढं ऐकून माहीत होतं.

त्या लहरींचा एक चमत्कार मात्र सगळ्यांना ठाऊक होता. अकरा वर्षांपूर्वी मशीन बसवायला जो माणूस आला होता, त्यानं जाता जाता एक साधी ट्यूबलाइट हातात धरली आणि मशीनजवळ नेली. तार नाही, होल्डर नाही, आणि ट्यूब त्याच्या हातात भक्क पेटली. “बघा, तुमची मशीन एकदम फिट,” तो म्हणाला, मशीनला जाळी बसवली, आणि गेला.

आईनं त्या दिवसापासून ट्यूबचा सणच केला. आमच्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची. हळद-कुंकू, झेंडूचे हार, आणि मग दिवे बंद करून शटर खाली ओढायचं. एक जण पेडल दाबणार, आई दोन्ही हातांत ट्यूब धरून उभी राहणार. पाटावर पारदर्शक प्लास्टिकमध्ये आपट्याचं पान ठेवलेलं असायचं. साचा खाली आला की पान पाकिटात कायमचं बंद, आणि त्याच वेळी आईच्या हातात निळसर पांढरा उजेड. बाया टाळ्या वाजवायच्या. प्रत्येकीला एक पान मिळायचं. आमच्या घरी देवाच्या फळीवर अशी पाकिटं ओळीनं लावलेली आहेत. आतली पानं तपकिरी झालीत, पण सील एकाचंही सुटलेलं नाही.

फक्त पहिल्या नवमीला ट्यूब पेटली नव्हती. आईच ते सांगायची, अगदी रंगवून. ट्यूब पेटली नाही म्हणजे मशीनचा जोर गेला. जोर कशानं गेला? तर त्या जाळीनं. जाळी सगळी ताकद खाऊन टाकते. तसंही तिच्यात माल घालता-काढताना हात अडकायचा. आईनं मालकाला सांगितलं, मालक म्हणाला, “काढून टाका, काम पटपट होईल.” आमच्या मशीन दुरुस्त करणाऱ्या संघपाल मिस्त्रीनं स्क्रू काढता काढता म्हटलं होतं, “बाई, कंपनीनं उगाच नसन दिली. राहू द्या ना.” आई म्हणाली, “मिस्त्री, तुम्ही नवमीले राहता कुठं? ट्यूब पेटते का नाही ते तुम्ही कवा पाह्यलं?” ते खरं होतं. संघपालभाऊ नवमीच्या सकाळीच दीक्षाभूमीवर जायचे, बाहेरगावाहून येणाऱ्या लोकांना जेवण वाढायला. त्यांनी पूजा कधी पाहिलीच नव्हती.

दोन्ही मशीनच्या जाळ्या निघाल्या. पुढच्या नवमीला ट्यूब अशी पेटली की भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं. त्या जाळ्या मग भिंतीशी एकावर एक ठेवल्या होत्या. आम्ही त्यांच्यावर जेवणाचे डबे ठेवायचो.

आणि अंगठी. तिचंही सांगितलं पाहिजे. बाबा गेले तेव्हा आईनं त्यांची स्टीलची अंगठी आपल्या बोटात घातली. मशीनवर बसलं की ती कोमट व्हायची, कधी चांगली गरम. आई आपला हात माझ्यापुढे करायची. “पाह्य बरं, तापली. तुहे बाबा आले. जिवंतपणीबी असेच तापत होते बापा, जेवाले अंमळ उशीर झाला का.” आम्ही दोघी हसायचो. पुढं तिच्या बोटांना गरम-थंड कळेनासं झालं. तरी ती विचारायची, “काजल, पाह्य वं, आले का?” मी अंगठीला हात लावायचे आणि हो म्हणायचे. घरी भाकरी थापताना विचारलं तरी हो म्हणायचे. तेवढ्यासाठी तिला कोण नाही म्हणणार?

सप्टेंबरमध्ये चिन्मयी आली. कामगारांच्या तब्येतीवर काम करणाऱ्या एका संस्थेची मुलगी, माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी असेल. खांद्याला बॅग, बॅगेत लहरी मोजायचा मीटर. मालकानं तिला चहा पाजला आणि आमच्याकडे पाठवून दिलं.

ती बॅगेतून मीटर काढत होती तोच आई म्हणाली, “तुमचं मशीन राहू द्या बाई. आमच्यापाशी आमचं हाय.”

“काय आहे काकू?”

“हर्षा,” आईनं पॅकिंगच्या पोरीला हाक मारली, “दिवे बंद कर वं. शटर घे खाली. काजल, पेडल दाब.”

पाहुणी आली म्हणून नवमी आधीच झाली. आईनं कोपऱ्यातली ट्यूब घेतली, साडीच्या पदरानं पुसली आणि दोन्ही हातांत आडवी धरली. मी पेडल दाबलं. ट्यूब पेटली. त्या उजेडात आईचा चेहरा मला अजून दिसतो. इतका अभिमान मी माझ्या निकालाच्या दिवशीही तिच्या तोंडावर पाहिला नव्हता.

बायांनी टाळ्या वाजवल्या. चिन्मयी वाजवेना.

“काकू, ती खाली ठेवा,” ती म्हणाली. “आधी खाली ठेवा.”

दिवे लागले. तिनं मीटर चालू केला, मला पुन्हा पेडल दाबायला सांगितलं, आणि मशीनपासून दोन पावलं, चार पावलं, पॅकिंगच्या टेबलापर्यंत अशी हळूहळू मागं गेली. आकडा तिथं जाऊन कुठं उतरला. मग आईच्या शेजारी येऊन बसली. ओरडली नाही, घाबरवलं नाही. तिनं ओरडायला हवं होतं असं मला नंतर कितीदा वाटलं. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

“ही ट्यूब मशीनमधून बाहेर गळणाऱ्या लहरींनी पेटते काकू. ज्या प्लास्टिकमध्ये जायला हव्यात त्या बाहेर येतात. तुमच्या हातात येतात, चेहऱ्यावर येतात.”

“पण शॉक त लागत नाही.”

“लागला असता तर बरं झालं असतं. तुम्ही हात मागं घेतला असता. या लहरी आतून तापवतात, कातडीला पत्ताच लागत नाही. दुकानात मायक्रोवेव्ह पाहिलाय ना, अन्न गरम करायचा? त्याचं दार काढून टाकलं आणि आपण समोर बसलो, तर कसं होईल? साधारण तसं.”

आईनं आपले हात चेहऱ्यापुढं धरले. तिला ते धड दिसत नव्हते आणि धड जाणवतही नव्हते.

“अन् डोळे?”

“डोळ्यांचं मी खात्रीनं सांगू शकत नाही. डोळ्याच्या भिंगात रक्त फिरत नाही, त्यामुळे ते तापलं की लवकर निवत नाही, एवढं माहीत आहे. पण यानंच झालं असं कोणी लिहून देणार नाही तुम्हाला.” मग तिनं मशीनला वरून खालून पाहिलं. “याला जाळी असते. लहरी आत राहाव्यात म्हणून. कुठं आहे ती?”

हर्षानं डब्यांकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं. माझा डबा सगळ्यात वर होता.

त्या संध्याकाळी आई जेवली नाही. मी मालकाला शिव्या घातल्या, चिन्मयीलाही घातल्या. हे सगळं सांगायला इतकी वर्षं कुठं होते हे लोक? आई ऐकून घेत होती.

“मालकाले काहून बोलतं? जाळी त मी काढाले लावली.”

“तुले कोणी सांगितलं होतं का जाळी कायची हाय म्हणून?”

“संघपालनं सांगितलं होतं. मीच त्याले उडवून लावलं.” मग म्हणाली, “तुह्या हाताले काही होते का वं? खरं सांग.”

सहा महिन्यांपासून माझी करंगळी मुंग्या आल्यासारखी व्हायची. मी म्हटलं, “काही नाही होत.” आईनं माझा हात ओढून घेतला, करंगळी चाचपली आणि लहान पोरीची धरावी तशी मुठीत धरून बसली. तिला कसं कळलं ते मला माहीत नाही. तिच्या बोटांना तर काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी शेडमध्ये गेली. मी पोहोचले तर दोन नंबरच्या स्टुलावर तिनं प्लास्टिकचे रोल रचून ठेवले होते. “जाळी लागल्याशिवाय तू बसायचं नाही,” ती म्हणाली. “माहं काय राह्यलं आता व्हायचं? मी करतो जेवढं होते तेवढं. तू पॅकिंग कर.” मी चिडले, रडले, पण ऐकलं. पॅकिंगच्या टेबलावरून मी तिला पाहत होते. रेघ दिसावी म्हणून ती साच्यावर इतकी वाकायची की कपाळ टेकायचंच राहायचं. मला बसू द्यायचं नाही म्हणून ती स्वतः जास्त जवळ जात होती, आणि मी घड्या घालत होते. त्या दिवसांची मला अजून लाज वाटते.

मालक जाळीला नाही म्हणाला नाही. त्याची नाही म्हणायची पद्धत वेगळी होती. “लावू ना. दिवाळीची ऑर्डर निघू द्या.”

रविवारी आई म्हणाली, “चाल, कामठीले जाऊ.”

कामठीत लतिकाबाई राहायच्या. माझ्याआधी दोन नंबरवर त्याच होत्या. त्यांच्या हातून माल सारखा पडायचा, हात दुखतो म्हणायच्या, आणि शेवटी सोडून गेल्या. आईनं तेव्हा सगळ्यांसमोर त्यांना नाटकी म्हटलं होतं, आणि ती जागा मला मिळवून दिली होती.

लतिकाबाईंनी आम्हाला खाटेवर बसवलं. त्यांच्या सुनेनं चहा आणला. लतिकाबाईंनी कप दोन्ही तळव्यांमध्ये धरला. बोटं बाहेरच राहिली. आईनंही तसाच धरला. समोरासमोर बसून दोघी तशाच चहा पीत होत्या.

“लतिका,” आई म्हणाली, “तुले मी नाटकी म्हणलं होतं.”

“जाऊ दे ना वं. किती दिवस झाले.”

“नाही. तू नाटक नोहती करत. मशीनचं होतं ते. अन् मशीनचं माह्यापायी होतं.” आणि आईनं सगळं सांगितलं, जाळीपासून ट्यूबपर्यंत. काही लपवलं नाही, कुठं मध्येच थांबली नाही.

लतिकाबाई चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “मले वाटे मीच कामाची नाही. घरीबी सारे हेच म्हणत. तीन वर्षं मी हेच धरून बसली होती गोपिका.” आणि त्या रडायला लागल्या. आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दोघींच्या हातांना काही जाणवत नसलं, तरी पाठीला जाणवत असेल.

परतीच्या ऑटोत आई एकदाच बोलली. “नवमी कवाची हाय?”

नवमीला आठ दिवस राहिले तेव्हा ती मालकाच्या टेबलापुढं उभी राहिली. मी दारात होते.

“मालक, औंदा मशीनची पूजा होणार नाही.”

“काहून बाई?”

“जाळी लागन तवाच पूजा होईन. मी ट्यूब धरणार नाही, हर्षा हार घालणार नाही. साऱ्या जणी बोलल्या हायेत माह्याशी. बिना पूजेची मशीन चालवाची असन, त खुशाल चालवा.”

मालकानं हात-डोळ्यांचं सगळं ऐकून घेतलं होतं आणि दिवाळीवर टाकलं होतं. पण दसऱ्याला बिनपूजेची मशीन म्हटल्यावर तो खुर्चीत सरळ झाला. त्यानं तिथल्या तिथं संघपालभाऊंना फोन लावला.

संघपालभाऊ नवमीच्या आदल्या दिवशी आले. डबे बाजूला झाले. जाळ्या धुतल्या, तेव्हा त्यांच्यावरून वरणाचे जुने डाग निघाले. स्क्रू बसवून, सेटिंग नीट करून झाल्यावर ते आईजवळ आले. “बाई, मी तवा बोललो होतो. पण जोरानं नाही बोललो. मले बी पक्कं कुठं मालूम होतं? फक्त एवढं वाटलं का जाळी उगाच नसन.”

“तुम्ही बोलले तरी,” आई म्हणाली. “आमी आयकलं नाही.”

“उद्या थांबू का? पूजेले?”

“नाही नाही. तिकडं लोकं जेवाचे थांबतीन. तुम्ही जा.”

नवमीच्या सकाळी सगळं नेहमीसारखं झालं. हार, कुंकू, आपट्याचं पान. हर्षानं दिवे बंद केले, शटर खाली ओढलं. ट्यूब मी धरायची असं ठरलं होतं. मी पुढं झाले, तर आईनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

“अखेरचं मलेच धरू दे. तू पेडल दाब. उभ्यानंच दाब, बसू नको.”

मी पेडल दाबलं. साचा जाळीच्या आत खाली आला. घूं आवाज झाला. शेडमध्ये अंधार तसाच राहिला. बाया ट्यूबकडे पाहत होत्या, टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच होते. शटरखालून आलेल्या पट्टीभर उजेडात आई ट्यूब धरून उभी होती, मान थोडी वर करून. तिला अंधार आणि उजेड यांतला फरकही हल्ली उशिरा कळायचा.

“पेटली का वं?” तिनं विचारलं.

“नाही आई.”

“नीट पाह्य.”

“नाही पेटली.”

मी जाळीतून पाकीट काढून तिच्या हातात दिलं. तिनं त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला काही कळलं नसावं, म्हणून तिनं ते ओठांशी नेलं आणि सीलची रेघ ओठानं चाचपली, चारही बाजूंनी. मग दातात धरून ओढून पाहिली. सील सुटलं नाही.

“तेवढंच पक्कं हाय,” आई म्हणाली. “जाळीनं काहीच खाल्लं नोहतं.”

कोणीतरी दिवे लावले. आईनं न पेटलेलीच ट्यूब भिंतीला टेकवून ठेवली, तिला कुंकू लावलं, आणि हात माझ्यापुढं केला.

“अंगठी पाह्य बरं.”

मी अंगठीवर बोट ठेवलं. मग पूर्ण मुठीत धरून पाहिली. मला हो म्हणायचं होतं. इतकी वर्षं म्हणत आले होते, आणखी एकदा म्हणायला काही लागत नव्हतं.

“थंड हाय आई,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली. हात मागं घेऊन तिनं अंगठी दुसऱ्या हातानं झाकली. मग एक नंबरचं स्टूल पायानं चाचपून शोधलं, पदरानं पुसलं, आणि मशीनपुढं सरकवलं.

“बस आता,” ती म्हणाली.